काळ्या वायरींची मोटार

बिघाड सापडला की ज्याला वाईट वाटतं, असा गृहस्थ अख्ख्या पुण्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या आत्याच्या पदरात पडला. चालणाऱ्या पंख्याकडे आतोबा ढुंकूनही बघत नाहीत. तोच जरा कुरकुरला की बाह्या सरसावून स्टुलावर चढतात आणि मग घरची मंडळी आठवडाभर वर्तमानपत्राने वारा घेतात. एकदा देवघरातला दिवा मिचमिचला म्हणून त्यांनी सगळ्या घराचं वायरिंग उकललं. आत्याने तीन दिवस मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटल्या. "अहो, नुसता बल्ब बदलून बघा ना," ती म्हणाली, तर म्हणे, "बल्ब बदलणं ही पळवाट झाली." शेवटी बल्बच गेलेला निघाला, तेव्हा दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत.

अशा माणसाच्या हाती जुनी मोटार लागणं म्हणजे, त्यांची क्षमा मागून म्हणतो, आधीच मर्कट आणि त्यात मद्य प्याला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका बागाईतदाराच्या गोठ्यात त्यांना ती दिसली. कुठल्या तरी साहेबाने मागे ठेवलेली विलायती गाडी. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. "घिऊन जावा की," मालक म्हणाला, "पर चालू हाय असं म्या म्हनलेलो न्हाई हां." हे शेवटचं वाक्य ऐकूनच आतोबांनी व्यवहार पक्का केला. टेम्पोवर लादून गाडी नारायण पेठेत त्यांच्या इमारतीखाली आली आणि तिथे, सगळ्या बिऱ्हाडांसमक्ष, त्यांनी आत्याला शब्द दिला, "तू बँकेतून रिटायर होशील त्या दिवशी याच गाडीतून तुला घरी आणतो." आत्याच्या निवृत्तीला तेव्हा अकरा वर्षं होती. तेवढा वेळ बेताचाच आहे, असं आतोबांचं मत होतं.

मूळच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. आतोबांनी बुधवार पेठेतून नवी वायर आणली, ती सगळी काळी. दुकानदार परोपरीने सांगत होता, काका, लाल, पिवळी, हिरवी अशी वेगवेगळी न्या, पुढे ओळखायला सोपं जातं. "करंट काय रंग बघून वाहतो?" आतोबांनी विचारलं. ओळखीसाठी त्यांनी प्रत्येक वायरीला शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि पहिल्यांदा इंजिन धुतलं तेव्हा सगळी शाई वाहून गेली. पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. दर रविवारी मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून किल्ली फिरवायची. इंजिन घरघरायचं, खोकायचं, पेटायचं मात्र नाही. बॉनेटमागून आवाज यायचा, "ठिणगी नाही. उत्तम!" मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. एकदा धीर करून म्हटलं, सगळं काढून पहिल्यापासून जोडू या का? "तुम्ही कॉम्प्युटरवाले," ते म्हणाले, "बंद करायचं, परत चालू करायचं आणि त्याचा पगार घ्यायचा."

अशी पाच वर्षं मजेत गेली. मग बँकेत कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि आत्याने अर्ज भरून टाकला. सहा वर्षांची मुदत एकदम तीन महिन्यांवर आली. आतोबांचा चेहरा खर्रकन उतरला. "निदान मला विचारायचंस तरी!"

"गाडी आणताना तुम्ही मला विचारलं होतंत?" आत्या म्हणाली. "आणि त्या दिवशी मी बसने येणार नाही. बँकेत सगळ्यांना सांगून बसलेय."

त्यानंतर आतोबा जेवायलासुद्धा हातात टेस्टर घेऊन बसू लागले. दोन दिवस उरले असताना कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने जाता जाता बॉनेटखाली वाकून पाहिलं. "काका, हा प्लगांना करंट वाटणारा डबा तुम्ही रंगावरच बसवलाय. खालचा रंग खरवडा, त्याशिवाय अर्थिंग कसं मिळणार?" खरंच होतं. आतोबांनी गाडी इतक्या मायेने रंगवली होती की जिथे उघडं लोखंड लागतं तिथेही दोन हात दिले होते. "आभारी आहे," ते म्हणाले, ते अशा आवाजात, की तो बिचारा पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी मला चहा आणायला पाठवून त्यांनी गुपचूप पॉलिश पेपर मारला. मी परत आलो तेव्हा गाडी सुरू होती आणि आतोबा मुलगी सासरी निघाल्यासारखे बाजूला उभे होते.

निरोप समारंभाला आम्ही झोकात पोचलो. मी उतरलो, आतोबा उतरेनात. "बंद केली आणि परत सुरू झाली नाही तर? तिला शब्द दिलाय मी. तू हो पुढे." आत आत्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मॅनेजर बोलले, युनियनचे लोक बोलले, शाल झाली, श्रीफळ झालं. आत्याचं लक्ष सगळं दाराकडे. खिडकीतून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती माइकपाशी न जाता तडक बाहेर गेली. मीही मागोमाग गेलो. आतोबा घामाघूम होऊन एक पाय अॅक्सिलरेटरवर ठेवून बसले होते.

"बंद करा ती."

"अगं, पण परत सुरू नाही झाली तर..."

"तर रिक्षा आहेत. माझ्या शेजारी बसायला दुसरं कोण आहे?"

आतोबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. समारंभ आटोपल्यावर गाडी अर्थातच पुन्हा सुरू झाली नाही. दोघं रिक्षाने घरी गेले. नारळ आतोबांच्या मांडीवर होता.

पुढे गाडी नीट झाली, दोघं तिच्यातून पुष्कळ फिरले. आत्याला जाऊन आता चार वर्षं झाली. गाडीवर आच्छादन आहे. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, आतोबा, किल्ली फिरवून बघू का?

"राहू दे," ते म्हणाले. "सुरू झाली, तर जायचं कुठे?"