खातूनच्या गोट्याचे पैलू

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर भिंतीपलीकडून किर्रर्र सुरू व्हायचं. आमचं आणि नूरभाईंचं घर एका भिंतीचं. दोघेही ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालो, क्वार्टर सोडले आणि दुर्गापुरात शेजारी शेजारी घरं बांधली. नोकरीत मी राखेच्या विभागात, नूर मोहम्मद टर्बाइनचे फिटर. जन्मभर टर्बाइनच्या आवाजात राहिलेल्या माणसाला शांतता बाधते, हे मला मान्य आहे. पण म्हणून शेजाऱ्याची झोप मोडायची?

एक दिवस भांडायलाच गेलो. नूरभाई फरशीवर बसले होते. समोर मिक्सरची जुनी मोटर, तिच्यावर गरगर फिरणारी लोखंडी चकती, वर सलाइनची बाटली टांगून थेंब थेंब पाणी सोडलेलं. हातात एक काडी, काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला काचेचा तुकडा. बाजूला भोकं पाडलेला लाकडी खुंट. काडीचं मागचं टोक ज्या भोकात अडकवायचं, तसा तिरपेपणा मिळतो.

"पैलू पाडून राह्यलो, सोमाजीभाऊ. फोनवर पाहू पाहू शिकतो."

"कायले?"

"हात रिकामे राह्यले का डोकं भटकते."

त्यांची बायको, खातूनभाभी, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी भांडण खिशात घालून परत आलो.

आधी त्यांनी बाटल्यांची बुडं कापली. मग इरई नदीतून गारगोट्या वेचून आणायला लागले. पैलू पाडणं मला वाटलं होतं त्यापेक्षा चेंगट काम निघालं. आधी दगडाची खालची बाजू टोकदार करायची, सगळे पैलू त्या एका टोकावर येऊन मिळाले पाहिजेत. मग लाख तापवून दगड सोडवायचा, उलटा चिकटवायचा आणि वरची बाजू घडवायची. एक पैलू केसभर चुकला की बाकीचे सगळे पुन्हा. मी चिडवायचो, "वैरागडच्या हिऱ्याच्या खाणी कधीच्या बंद पडल्या, आता तुमी दुर्गापुरात उघडा." ते हसायचे. माझ्या बायकोला, कमळेला, त्यांनी एक चमकता खडा दिला, तिनं तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

खरं सांगायचं तर ती किर्रर्र थांबली की मला जास्त त्रास व्हायचा. खडा मनासारखा उतरला की मोटर बंद व्हायची आणि नूरभाईंची हाक यायची, "खातून, देख तो!" मग काहीच नाही. भिंत पातळ आहे. थोड्या वेळानं माझ्या दारात यायचे, "भाऊ, उजेडाकडे धरून पाहा बरं." मी पाहायचो. दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक आपण करायचं, याच्यासारखं अवघड काम नाही.

त्यांना एकच मुलगी, कहकशाँ. हैदराबादला शाळेत शिकवते. आईच्या मातीनंतर ती इकडे फिरकली नव्हती. फोन रोज करायची, पण ये म्हटलं की म्हणायची, "अब्बा, घरात पाय ठेवला का अम्मी दिसते." पोरगी वाईट नाही. पण नूरभाईंना तर रोजच त्या घरात पाय ठेवावा लागत होता.

खातूनभाभींचा एक गोटा होता. त्या अहेरीच्या. माहेराहून येताना प्राणहितेच्या पात्रातून त्यांनी तो आणलेला. पांढरा, आत उजेड शिरणारा, लिंबाएवढा. नमाज झाली की जानमाजचा, म्हणजे नमाजाच्या चटईचा, कोपरा दुमडून ठेवायची त्यांच्याकडे रीत आहे. उघडी राहिली तर तिच्यावर सैतान नमाज पढतो म्हणतात. कूलरच्या वाऱ्यानं कोपरा उलटायचा, म्हणून भाभी त्याच्यावर हा गोटा ठेवायच्या. त्या गेल्या तरी गोटा खिडकीत होता तिथेच होता.

मार्च संपता संपता नूरभाई तो गोटा घेऊन माझ्याकडे आले. "याचे पैलू पाडतो, भाऊ. कहकशाँसाठी. चांदीत बसवून गळ्यात घालंल. त्याच्या निमित्तानं तरी येईल, आन् एकदा आली का मंग येत राहील." मला विचारलं, कमळेला विचारलं, मशिदीतल्या दोस्तांना विचारलं. सगळे हो म्हणाले. जिच्यासाठी करायचं तिला विचारलं नाही, कारण तिला चकित करायचं होतं.

पहिल्याच दिवशी गोट्याचा बराच भाग नितळ नव्हता म्हणून गेला. उरला जांभळाएवढा. तरी नूरभाई खुशीत होते. फोनवर तिला सांगितलं, "तुह्यासाठी एक चीज बनवून राह्यलो." आणि काय आश्चर्य, ती मे महिन्याच्या सुट्टीत यायला कबूल झाली!

आता चूक कुठे झाली ते सांगतो. फोनवरचे उस्ताद दगड चिकटवायला कुठलंसं खास मेण सांगतात. नूरभाई म्हणाले, "आपल्या जंगलाची लाख असताना बाहेरचं मेण कायले?" धानोऱ्याच्या बाजारातून त्यांनी डबाभर लाख आणली होती. थंडीत ती दगडासारखी घट्ट बसायची. पण हा चंद्रपूरचा मे. त्यात लाइट गेली. समोर वीज केंद्राची चिमणी धूर ओकते आणि आमच्या घरात पंखा बंद, हे इथलं नेहमीचंच. खालची बाजू पुरी झाली होती, वरची अर्धी. नूरभाईंनी काडी खिडकीत टेकवली आणि दुपारच्या, जुहरच्या नमाजला गेले. खिडकीतल्या झळीनं लाख मऊ पडली, दगड डोळ्याला न दिसेल इतका कलला. लाइट आल्यावर ते पुन्हा बसले, आणि एका बाजूचे पैलू खोल खोल गेले ते पार खालच्या धारेपर्यंत.

त्या दिवशी किर्रर्र मध्येच थांबली आणि हाक आली नाही. मीच गेलो. काडी हातात धरून ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे लाल.

"तिच्या गोट्याची माती केली मी."

"पुन्हा पाडा की!"

"पाडतो. पन लहान होईल."

लाख पाण्यात बुडवून गार करत करत त्यांनी पुन्हा पाडले. खडा झाला हरभऱ्याएवढा. पण झाला मात्र असा, की उजेडाकडे धरला तर डोळे दिपावे. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, "वा, नूरभाई!"

कहकशाँ आली. नूरभाईंनी खडा तिच्या हातावर ठेवायच्या वेळी मला मुद्दाम बोलावलं. आपसात ते हिंदीत बोलत, मी बसलेलो असलो की मराठीत. तिनं खडा उजेडाकडे धरला. "अब्बा, तुमी बनवला? खरंच?" ती इतकी गोड हसली, की नूरभाई दोन वर्षांत पहिल्यांदा पोट भरल्यासारखे दिसले. हा कशाचा आहे ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. जेवताना सांगणार होते.

तेवढ्यात अजान झाली. खडा मुठीत घेऊनच ती आतल्या खोलीत गेली, आईची जानमाज अंथरली. दार उघडंच होतं. नमाज झाली, तिनं कोपरा दुमडला आणि न पाहता हात खिडकीकडे नेला. हात रिकाम्या फळीवर फिरत राहिला.

"अब्बा, अम्मीचा गोटा कुठी हाये?"

नूरभाईंनी तिच्या हाताकडे बोट केलं. "तुह्या मुठीत हाये, बेटा."

ती मुठीकडे पाहत राहिली. रागावली नाही, तीच तर पंचाईत. हळूच म्हणाली, "मी तं तो न्याले आली होती. माह्या जानमाजवर ठेवाले."

मग तिनं तो हरभऱ्याएवढा खडा दुमडलेल्या कोपऱ्यावर ठेवला. कूलरचा वारा आला, कोपरा उलटला, खडा टणकन फरशीवर पडून पलंगाखाली गेला. गुडघे धरलेले नूरभाई फरशीवर पालथे होऊन तो शोधायला लागले. "राहू द्या अब्बा, मी पाहते," म्हणत तीही वाकली. दोघेही पलंगाखाली हात घालून रडत होते. मी उठून घरी आलो.

ती दोन दिवसांनी गेली. खडा रुमालात बांधून नेला. ईदला येईन म्हणाली. येईल की नाही, मला सांगता येत नाही. भिंतीपलीकडची मोटर तेव्हापासून बंद आहे, आणि मला दुपारची झोप लागत नाही.

नूरभाई आता नमाज झाली की कोपरा दुमडतात आणि कूलर बंद करून तसेच घामात बसून राहतात.