लॅमिनेशन

"हात धुतले का?" कुणी पोस्टर बघायला घरी आलं की ते पाणी विचारायच्या आधी हे विचारत. धुतले म्हटलं तरी टॉवेल पुढे करत, आणि आपली बोटं कोरडी होईपर्यंत तिथेच उभे राहत.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याचा जीव फायलींबाहेर भलतीकडेच अडकलेला असतो. आमच्या पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढणारे हे गृहस्थ होते. मी त्याच शाखेत क्लार्क. ते मूळचे देवळ्याचे, गावी कांद्याची शेती, आणि जमवत काय, तर हॉलिवूडच्या जुन्या, काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांची पोस्टरं. सुरुवात देवळाली कॅम्पातल्या एका बंद थिएटरच्या रद्दीतून झाली. पुढे लोकांना पत्रं लिहून लिहून पन्नासेक जमली.

पलंगाखालच्या सपाट पेटीतून ते एकेक काढत. हॅट डोळ्यांवर ओढलेला पुरुष, जिन्यावर पडलेली लांब सावली, सिगारेट धरलेली बाई.

"ह्यांच्या सगळ्या बाया पलंगाखाली राहतात," त्यांच्या पत्नी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या.

ते रंगात आले की देवळ्याकडची बोली बाहेर यायची. जिन्यावर उभ्या असलेल्या एका बाईचं पोस्टर त्यांचं सगळ्यांत लाडकं. "बघा ताई, हाई बाई खोटं बोली ऱ्हायनी."

"सिनेमा पाहिलाय तुम्ही?"

"नाही. पण एकाच डोळ्यात उजेड ठेवलाय. ती खोटं बोलतेय, हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक होतं."

ते रिटायर होणार होते तेव्हा मी हट्ट धरला की निरोप समारंभात त्यांचं एक पोस्टर लावायचंच. दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तीच जिन्यावरची बाई दोन पुठ्ठ्यांत घालून आणली. "जपाल ना, ताई?"

"अहो, मी आहे ना."

घरी उघडून पाहिलं तर घड्यांवर कागद झिजलेला, कोपऱ्यात चीर. एवढा जीव लावतात आणि साधं लॅमिनेशन करून घेत नाहीत, असं मला वाटलं. विचारावंसं वाटलं नाही, कारण मला त्यांना चकित करायचं होतं. दुकानदार म्हणाला, "कागद फार जुना दिसतोय. करू ना नक्की?" मी म्हटलं, "करा."

समारंभात मी पडदा बाजूला केला. टाळ्या झाल्या. ते पुढे आले. प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं, मग कडेला हलकेच नख लावून पाहिलं.

"छान केलंत," ते म्हणाले. "आता धूळ बसायची नाही."

भाषण त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. मी खुशीत घरी गेले, हेही सांगायला हवं.

पंधरा दिवसांनी मोबाइलवर सहज वाचताना कळलं की गरम रोलरमधून गेलेला जुना कागद प्लॅस्टिकपासून पुन्हा सुटत नाही. जमवणाऱ्यांच्या लेखी ते पोस्टर तिथेच संपतं. त्यांना हे स्टेजवर उभं असतानाच कळलं होतं.

मी गेले नाही. आज जाऊ, रविवारी जाऊ, असं करत दोन वर्षं गेली. एकदा इंदिरानगरच्या भाजीबाजारात ते समोरच आले. "ताई, ते पोस्टर..." एवढंच म्हणाले असतील. गाडी चुकीच्या जागी लावलीय, असं सांगून मी निघाले. "हो, हो. या कधी घरी," ते मागून म्हणाले.

ते गेल्याचं कळलं, त्यालाही तीन महिने झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. पेटी पुण्याच्या एका संग्राहकाने नेली होती. हे एक तेवढं भिंतीला टेकून उभं होतं. "याचं काही होणार नाही म्हणाला तो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "तुम्हीच न्या. ताईंनी प्रेमाने केलंय, असं हे म्हणायचे. कुणाला नावं ठेवू द्यायचे नाहीत."

माफीचं वाक्य मी मनात जुळवून आले होते. तोंडातून फक्त "हो" निघालं.

परतताना रिक्षात ते कडक पोस्टर दोन्ही हातांनी उभं धरून बसले. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरची बाई वाकून बघत म्हणाली, "मस्त झालंय हो. कुठून करून घेतलंत?"

मी तिला दुकान सांगितलं.