काकूच्या गळ्यावर लिहिलेली पुस्तकं
माझे काका चित्रांना चौकटी करून देतात आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून कादंबऱ्या लिहितात. दोन्ही कामं एकाच टेबलावर. त्यांच्या हस्तलिखितातून लाकडाचा भुसा गळतो, आणि प्रकाशक विचारतो, "वजन वाढवायला टाकता का हो?"

शांततेत मात्र त्यांना एक ओळही सुचत नसे. दुकानामागेच स्वयंपाकघर. तिथून काकूने गायचं, तेव्हा कुठे इकडे पेन चालायचं. रेडिओ लावून भागत नसे. प्रत्यक्ष गाणारं माणूस हवं, आणि तेही काकूच. सकाळीच फर्माईश सुटायची.

"आज खून आहे. अंगाई म्हण."

"खुनाला अंगाई? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"तू म्हण तर! आणि ते रडकं गाणं लग्नाच्या प्रकरणाला ठेव."

काकू हसत म्हणायची. लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेली बाई ती. नंतर श्रोता उरला एक, तोही पाठमोरा. मला काकांचा राग यायचा. पण ती गायला लागली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की राग धड टिकायचाही नाही.

गेल्या वर्षी काकूचा आवाज बसला तो सुटेचना. घशात गाठी निघाल्या. डॉक्टरांनी बजावलं, "काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. गाणं तर विसराच. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल." काकू खाणाखुणा करून बोलू लागली. आणि काकांचं नेमकं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

त्यांनी तिला गा म्हटलं नाही, हे खरं. नुसता कोरा कागद समोर घेऊन उसासे टाकले. खुर्ची मागे ढकलायची, पुढे ओढायची, पुन्हा उसासा. मी तेव्हा अभ्यासासाठी त्यांच्याकडे राहत होते. न राहवून म्हटलं, "काका, त्यापेक्षा चौकटी तरी ठोका!" त्यांनी लक्षच दिलं नाही.

एका दुपारी स्वयंपाकघरातून अंगाई सुरू झाली. मी धावले. काकूने हातानेच मला अडवलं आणि गात राहिली. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. मी बाहेर आले तर काका मान खाली घालून भराभर लिहीत होते.

आवाज गेला तो गेलाच. आता काकू बोलते ते लाकडावर काचपेपर घासल्यासारखं ऐकू येतं. नातेवाईक भेटायला येऊन काकांना टोमणे मारायचे, तर हीच त्यांची बाजू घ्यायची. "त्यांना काय ठाऊक? लिहायला बसले की कानाशी ढोल बडवला तरी ऐकू येत नाही." काका जमिनीकडे बघत बसायचे. त्यांना अन्न गोड लागेना. एकदा मला म्हणाले, "ती माझी बाजू घेते ना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं गं."

पुस्तक छापून आलं. शेवटच्या प्रकरणाचं खूप कौतुक झालं. काकू त्यांचं लिखाण छापल्यावरच वाचते. दुकानातल्या स्टुलावर बसून ती शेवटाला आली. त्यात एक आई लेकराला झोपवताना गाते आणि दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटतो. आधी बारीक चीर, मग नुसती हवा. मग ती आवंढा गिळते आणि पुन्हा त्याच ओळीवर येते. सगळं जसंच्या तसं.

काकूने मान वर केली. "तुम्हाला ऐकू येत होतं?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "पहिल्यापासून. उठून थांबवायला हवं होतं तुला. पण लिहिणं असं सुटलं होतं... म्हटलं, एवढं कडवं होऊ दे."

"चांगलं उतरलंय," काकू म्हणाली आणि पुस्तक मिटून आत गेली.

अजूनही पाहुणे विचारतात, आवाजाला काय झालं? काकू आता उत्तर देत नाही. काकांकडे बघते, आणि ते सांगेपर्यंत बघत राहते.