पाण्यातले देव

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून इथेही मी त्यांना 'हे' असंच म्हणणार आहे. ह्यांनी सरकारी नोकरी सोडली तेव्हा दिल्लीतला सरोजिनी नगरचा क्वार्टर गेला आणि आम्ही यमुना ओलांडून नोएडात राहायला आलो. तिथे सेक्टरांना नंबर पडले होते, पण रस्त्यांवर दिवे लागायचे होते. ह्यांनी एक शेड भाड्याने घेतली आणि टीव्हीच्या आत बसणारे छोटे ट्रान्सफॉर्मर करायला सुरुवात केली. गिऱ्हाईक एकच, जवळची एक टीव्ही कंपनी. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत होते. दोन बस बदलून जायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे. बरं चाललं होतं.

मग बाहेरच्या कंपन्यांचे रंगीत टीव्ही आले. पेपरात सगळे खूश होते. आमच्या गिऱ्हाइकाने मात्र माल घेणं आधी कमी केलं आणि मग थांबवलं. शेडमध्ये वीसेक माणसं होती, बहुतेक तारा गुंडाळणाऱ्या बायका. त्यांना बसवून ठेवण्याची वेळ आली. तेवढ्यात एका नव्या परदेशी कंपनीने ह्यांच्याकडे नमुने मागितले. नमुने पास झाले तर शेड चालणार, नाही झाले तर कुलूप.

शेजारच्या शेडवाल्याने ह्यांना युक्ती सांगितली. बाहेरून आलेला तयार माल बाजारात मिळतो, तो आणायचा, आपला शिक्का मारायचा आणि नमुना म्हणून द्यायचा. एकदा पास झालं की पुढचं पुढे. सगळे तेच करतात, असंही तो म्हणाला. हे घरी येऊन मला हसत हसत सांगत होते. मी हसले नाही. मी म्हटलं, मग करा ना तसं. वीस घरं आहेत, त्यात एक आपलं.

"जो माल मी केला नाही," हे म्हणाले, "त्याच्यावर माझा शिक्का कसा मारू?"

हरिश्चंद्राच्या बायकोला कुणी विचारलं होतं का, असं मी पुटपुटले आणि स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी आपल्याच हाताने नमुने केले, तीन-चारदा मोडून पुन्हा केले आणि स्कूटरवरून नेऊन दिले. निकालाला महिना लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देव पाण्यात घातले.

आपल्याकडे 'देव पाण्यात घालून बसणे' असं आपण सहज म्हणतो, पण खरोखर घालणारी माणसं थोडी. मी घातले. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि गणपती, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, माझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा, सगळ्यांना तळाशी बसवलं. महादेवाची पिंड तेवढी बाहेर ठेवली. त्याला पाण्याचं काय कौतुक, त्याच्यावर रोजचाच अभिषेक. देवांना सांगितलं, निकाल लागेपर्यंत हे असंच. डिसेंबर लागला होता. नोएडातलं पाणी खारं, आणि सकाळी तर हात घालवत नसे.

आमच्या घरी रोजची पूजा हे करत. त्या सकाळी आंघोळ करून आले, रिकामा देव्हारा पाहिला, खाली ठेवलेलं पातेलं पाहिलं. महादेवावर पाणी घातलं, पातेल्यावर एक फूल सोडलं, उदबत्ती लावली आणि कामाला गेले.

शेजारच्या भाभीजी दही मागायला आल्या आणि त्यांनी ते पातेलं पाहिलं. त्यांच्या घरातल्या लड्डू गोपालला, म्हणजे बाळकृष्णालाच, त्यांनी लाल लोकरीचा स्वेटर विणला होता, कानटोपीसकट. थंडी वाढली की त्याला रात्री रजई. आमच्या बाळकृष्णाची अवस्था पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"इनसे क्या ग़लती हो गई, भाभीजी?"

मी सांगितलं, काही नाही, आमच्यात काम अडलं की असं करतात. त्या दही न घेताच गेल्या. संध्याकाळी पुन्हा आल्या आणि कमसे कम कोमट पाणी तरी घाला म्हणाल्या. मी 'बिल्कुल' म्हटलं, म्हणजे हो, नक्की.

त्या दिवसांत मी सगळ्यांनाच बिल्कुल म्हणत होते. कसं चाललंय? बिल्कुल. शाळेत पाचवीला हाच वाक्प्रचार आला, तर दिल्लीत वाढलेल्या एका मुलीने वाक्य केलं, 'खूप गर्मी होती म्हणून देव पाण्यात बसले.' एरवी मी आठवडाभर स्टाफरूममध्ये ते सांगत हसले असते. त्या दिवशी लाल शाईने दुरुस्त केलं आणि पुढची वही घेतली. मला भीती वाटत नव्हती, आशाही वाटत नव्हती. भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. हे मुकाट्याने जेवत, म्हणजे असावं.

पातेल्यातलं पाणी मात्र रोज स्वच्छ असे. तरी खाऱ्या पाण्याने देवांवर पांढरा थर चढत गेला. अन्नपूर्णेचं नाक दिसेना.

निकाल आला तो शेडमधल्या फोनवर. हे दारातच उभे राहून म्हणाले, "नाही झालं." मी विचारलं, चहा ठेवू का? त्यांनी हो म्हटलं. आम्ही चहा प्यायलो. मी कप विसळले.

पुढचे काही आठवडे हे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडी पालथ्या घालत होते. आपल्या एकेका माणसाला कुठे काम मिळतं का ते विचारत फिरले. बहुतेकांना मिळालं. ज्यांना नाही मिळालं त्यांचा आणि तार पुरवणाऱ्याचा हिशेब स्कूटर विकून पुरा केला. मग हे बसने येऊ लागले. दाराशी स्कूटरचा आवाज होईना, त्यामुळे आले की दचकायला व्हायचं. तेवढंच काय ते.

देव अजून पाण्यातच होते. काम झालं की बाहेर काढायचे, हे मला ठाऊक होतं. झालं नाही तर काय करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी एसटीडी बूथवरून मिरजेला सासूबाईंना फोन केला. शेड बंद झाल्याचं त्यांना सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, काम झालं की काढायचे, दुधाने आंघोळ घालायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. मी विचारलं, आणि नाहीच झालं तर? मीटर पळत होतं.

"आपल्यात असं कधी झालं नाही गं," त्या म्हणाल्या.

शेडची किल्ली मालकाला देऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे मोरीत पाटावर बसलेले दिसले. समोर पातेलं, हातात चिंचेचा कोळ. गणपती घासून झाला होता, पंच्यावर ठेवला होता.

"अहो, काम झालं नाही अजून," मी म्हटलं.

"ते आता होणार नाही." बाळकृष्णाच्या मुठीतला थर ते नखाने काढत होते. "मी कुणालाही बुडवलं नाही. मग ह्यांनाच कशाला?"

बोलण्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. मला तो चालला असता. मी पदर खोचून समोर बसले. त्यांनी पातेलं माझ्याकडे सरकवलं, अन्नपूर्णा तेवढी तळाशी राहिली होती. मी हात घातला आणि पाण्याने बोटं बधिर झाली, कळ थेट कोपरापर्यंत गेली. हे पाणी मी एकदाही बदललं नव्हतं. रोज सकाळी, मी उठायच्या आधी, कुणीतरी ह्यात हात घालून एकेक देव उचलत होतं, नवं पाणी भरून पुन्हा तसेच ठेवत होतं, कारण ते मी घातलेले होते. मी रडले ती तेव्हा.