अनुभवाचा रकाना

कुरखेड्याच्या उद्योग मदत केंद्रात एक बाबू आहेत. ते माणसाशी नाही, अर्जाशी बोलतात. "काऊन रे, आधार कुठी आहे तुझं?" असं ते कागदाला विचारतात आणि समोरचा माणूस घाईघाईने पिशवी चाचपतो. कोणी हसलं तरी ते मान वर करत नाहीत.

आईला पत्रावळी बनवायच्या यंत्रासाठी कर्ज हवं होतं आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, म्हणून अर्ज मी भरला होता. बाबूंनी तो वाचून आम्हा मायलेकांकडे परत सरकवला.

"खोटा अर्ज मी घेत नाई."

त्यांनी अनुभवाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी 'निरंक' लिहिलं होतं. आईने कुठे नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे मला ते बरोबरच वाटलं होतं.

"बाई, एका पत्रावळीले पळसाची पानं किती लागते?" त्यांनी अर्जाकडे बघतच विचारलं.

"पानं मोठी असली त पाच, लहान असली त सात," आई म्हणाली. "गावातल्या लग्नाले पत्रावळी मीच लावतो जी."

"कवापासून?"

"हा पोटात बी नव्हता तवापासून."

बाबूंनी माझं वय विचारलं. मग 'निरंक' खोडून त्यांनी लिहिलं, 'एकोणीस वर्षांहून अधिक'.

"खाडाखोड झाली. इथी सही लागते," ते म्हणाले. मी पेन उघडलं.

"तुही नाई. त्यायची."