पांदणीचे टायर

आमचं घर गावात नाही, शेतात आहे. उंद्रीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की पांदण लागते, म्हणजे दोन बाजूंच्या बांधांमधून, आमच्याकडच्या धुऱ्यांमधून, जाणारी शेताची वाट, आणि पांदणीच्या टोकाला आम्ही. उन्हाळ्यात या वाटेने कोणतंही वाहन येतं. पावसाळ्यात काळी माती भिजली की ती पायातली चप्पलसुद्धा धरून ठेवते. मी भाजी पिकवणारा माणूस. ही कटकट वर्षानुवर्षं सोसत आलो होतो. पिकअप फसली की शिव्या द्यायच्या, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा आणि गाडी निघाली की पुन्हा शिव्या द्यायच्या. त्या कोणाला द्यायच्या हे कधी ठरलेलं नव्हतं.

मग बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला नेऊन डायलिसिस करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकही डायलिसिस चुकवायचं नाही. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, पावसाळा लागायच्या आत बुलढाण्यात खोली करा. पांदणीत गाडी फसली आणि आईचं डायलिसिस चुकलं तर काय करणार?" तो बरोबर बोलत होता आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा एक वेगळाच त्रास असतो.

तिने हे सगळं ऐकलं होतं. अंगणात बसून ती सांभाराच्या जुड्या बांधत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मान वर न करता म्हणाली, "मले खोलीत नाही राहाचं. मले अथीच राहाचं हाये. तुमी गाडीचं काय ते पाहा."

एवढंच. हट्ट नाही, रडणं नाही. पांदणीतून गाडी निघाली तर ती घरी राहणार, नाही निघाली तर चार भिंतींची भाड्याची खोली आणि खिडकीतून दुसऱ्याची भिंत. आयुष्यभर उघड्यावर वावरलेल्या बाईला त्या खोलीत ठेवणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी टायर बदलायचे ठरवले.

चिखलीला टायरच्या दुकानात गेलो तर ती सोबत आली. मी म्हटलं, तू कशाला उन्हात येतेस. ती म्हणाली, बसायचं मला आहे. दुकानदाराने आम्हाला तीन प्रकार दाखवले. एक साधा, डांबरी रस्त्याचा. दुसरा बटन टायर, म्हणजे ज्याच्या नक्षीचे चौकोनी ठोकळे सुटे सुटे आणि जाड असतात. तो चिखल फेकत जातो. तिसरा या दोघांच्या मधला. त्याला दुकानदार ऑल टेरेन म्हणत होता. नक्षी खोल, पण ठोकळे जवळजवळ.

मी बटन टायरवर हात ठेवून मोकळा झालो होतो. मला घाई होती. पाऊस यायला अजून वेळ होता, पण माझ्या डोक्यात तो रोजच पडत होता.

"हे वाजतात का?" तिने विचारलं.

दुकानदार खरं बोलला. "वाजतात ना वयनी. डांबरीवर घुं घुं करतात. अन् थोडे धक्केबी बसतात."

"मंग नको," ती म्हणाली. "एक घुं घुं माह्या हातात हाये, तेवढी लय झाली."

दुकानदाराला ते कळलं नाही. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात ऑपरेशन करून शीर धमनीला जोडली होती. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत काहीतरी घुमत असे. ते घुमतंय ना, हे रोज सकाळी बघायचं असतं. ती स्वतः बघायची, मग हात माझ्यापुढे करायची. चहा नंतर, हात आधी. मीही बोट ठेवून "चालू हाये" म्हणायचो आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

मी चिडलो. म्हटलं, "चिखलात फसल्यावर घुं घुं ऐकू येनार नाही, ट्रॅक्टरच ऐकू येईल."

"चिखल किती अन् डांबर किती?" ती म्हणाली. "बुलडान्याहून येतानी माह्या पोटात ढवळून येते, ते तुमाले दिसते ना? मधले घ्या."

ते मला दिसत होतं. मशीनवरून उठल्यावर तिच्या अंगात काही उरत नसे. प्रत्येक धक्क्याला ती डोळे मिटून घ्यायची आणि मी विचारलं की म्हणायची, झोप येतेय. मधले घेतले. दुकानदार टायर चढवत असताना तिने ठोकळ्यांच्या मधल्या फटीत अंगठा घालून पाहिला. वांगं दाबून पाहावं तसं दोनतीन ठिकाणी दाबलं आणि मान हलवली.

आता टायर चिखलात चालतात की नाही हे पाऊस आल्यावर कळून काय उपयोग? म्हणून मी मे महिन्यात पांदणीला पाणी सोडलं. विहिरीत पाणी होतं. पाईप नेऊन, जिथे दरवर्षी गाडी फसते त्या खोलगट जागी सोडून दिला. तिथली माती पाणी पीत राहिली. फाट्यावर शेत असलेला शेजारी, ज्याच्या ट्रॅक्टरचे माझ्यावर अनंत उपकार आहेत, तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"भाऊ, रस्त्याले ओलित करून राह्यले का? काय पेरता?"

बाजेवर बसलेली बायको तिकडून म्हणाली, "टायर पेरून राह्यले ते."

तो हसून हसून खाली बसला. ती मात्र त्या पाइपाकडे बघत होती. डॉक्टरांनी तिचं पाणी तोडलं होतं. दिवसभरात मोजकंच प्यायचं, तहान लागली तर तोंड ओलं करायचं. मे महिना होता. थोड्या वेळाने म्हणाली, "मले घोटभर अन् रस्त्याले विहीरभर. नशीब काढलं बाप्पा या रस्त्यानं." तीही हसली आणि मीही हसलो. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं. गोठ्यामागे जाऊन प्यायचो.

संध्याकाळी गाडी घातली. फसली. ठोकळ्यांच्या फटी चिखलाने भरल्या आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरायला लागलं. मी इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोळ्यांपुढे बुलढाण्यातली खोली दिसत होती. उतरून तिच्यावरच ओरडलो, "तरी सांगतलं होतं, बटन घेऊ!"

ती चालत आली होती, काठी टेकत. गाडीच्या मागच्या बाजूला हात मारून म्हणाली, "ओरडता काऊन? गाडी रिकामी हाये. भाजी भरून निंगता तवा कवा फसली?"

आणि खरंच, कधी फसली नव्हती. जाताना क्रेट भरलेले असायचे, मागच्या चाकांवर वजन असायचं. फसायची ती येताना, सगळी भाजी विकून. इतकी वर्षं मी शिव्या देत होतो आणि एवढी गोष्ट बघितली नव्हती. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. मग माती भरलेली पोती मागे टाकून मी पुन्हा घातली. चाकं किंचित घसरली, मग धरली आणि गाडी पलीकडे निघाली. ती टाळ्या वाजवत होती. तशी टाळ्या वाजवणारी बाई नव्हती ती.

शेजाऱ्याने विहीर खोदली तेव्हाचा मुरमाचा ढीग पांदणीच्या तोंडाशी पडून होता. तो म्हणाला, "न्या ना भाऊ, मलेबी अडचनच होते त्याची." त्या पावसाळ्यात आमचा नियम ठरून गेला. सकाळी भाजी आणि बायको घेऊन निघायचं. भाजी बुलढाण्याच्या बाजारात उतरवायची, तिला दवाखान्यात सोडायचं. परत येताना ढिगापाशी थांबायचं, फावड्याने पोती भरायची, मागे टाकायची आणि पांदणीत शिरायचं. सुरुवातीला तीही उतरायची. मी फावडं मारायचो, ती पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरायची. मी म्हणायचो, बस ना आत. ती म्हणायची, "तुमचा अर्धा मुरूम भाईरच पडते."

पहिल्या खेपेला घरी पोचल्यावर मी पोती उतरवून अंगणात रचायला लागलो तर म्हणाली, "ते घरी कायले आनता? त्या गड्ड्यातच रिकामे करा ना." मग तसंच करू लागलो. गाडी खोलगट जागा पार करून थांबवायची आणि पोती तिथेच ओतायची. प्रत्येक खेपेला थोडा मुरूम. तिच्या एकेका डायलिसिसचा मुरूम त्या जागी पडत गेला. एकही डायलिसिस चुकलं नाही. मुलाचा फोन आला की ती माझ्या हातातून घेऊन त्याला ऐकवायची, "तुहा बाप रस्ता बांधून राह्यला."

पोळ्यानंतर तिचं उतरणं बंद झालं. ती काच खाली करून मला बघत बसायची, आणि मुरूम बाहेर पडला की बोलायची. दिवाळीनंतर बोलणंही कमी झालं. वजन उतरत गेलं. तिला गाडीत चढवताना मी उचलून बसवायचो आणि दर वेळी मनात घाबरायचो, की मागच्यापेक्षा सोपं का गेलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी एकच व्यक्ती होती आणि तिला हे कसं सांगणार?

संक्रांतीच्या पुढेमागे अवकाळी पाऊस झाला. पांदण पुन्हा भिजली. त्या सकाळी तिने नेहमीसारखा हात पुढे केला, मी बोट ठेवलं, "चालू हाये" म्हटलं. ती म्हणाली, "टायर झिजले का हो?" मी म्हटलं, नाही, अजून चांगले आहेत. "म्या म्हनलं होतं का नाही, मधले घ्या," असं म्हणून ती हसली. बुलढाण्याला मशीनवर असतानाच तिचा रक्तदाब खाली गेला. डॉक्टर धावले, नर्स धावल्या. मला आत बोलावलं तेव्हा सगळं झालं होतं. मी सवयीने तिच्या डाव्या हातावर बोट ठेवलं. तिथे काही घुमत नव्हतं. तरी मी ते बराच वेळ तसंच ठेवलं.

शेजारी आणि गावातली माणसं तिथे येऊन पोचली. कोणीतरी म्हणालं, पांदण भिजली आहे, गावातच उतरवू, तिथूनच नेऊ. मी म्हटलं, ती घरी येणार. मुलगा पुण्याहून निघाला होता. त्यालाही फोनवर तेच सांगितलं. तिला पिकअपमध्ये मागे ठेवलं, तिच्याभोवती माणसं बसली, शेजारी तिच्या उशाशी. दुसरा कोणी गाडी चालवतो म्हणत होता, पण मी चावी दिली नाही. टायर अजिबात वाजत नव्हते. सगळ्या डांबरी रस्त्यावर एवढी शांतता होती की ते वाजायला हवे होते असं मला वाटलं.

पांदणीच्या तोंडाशी मुरमाच्या ढिगापाशी मी गाडी थांबवली. उतरलो, सीटमागचं फावडं काढलं, रिकामं पोतं काढलं. हे सगळं हातांनी आपणहून केलं.

मागून शेजारी म्हणाला, "भाऊ, काऊन थांबले?"

"येतानी गाडी रिकामी असते ना," मी म्हटलं, "घसरते."

बोलून गेल्यावर मी मागे बघितलं. गाडी माणसांनी भरलेली होती. मी फावडं ढिगात घातलं, उचललं आणि पोतं एका हाताने उघडायला लागलो. मुरूम बाहेर सांडला. तेव्हा शेजारी गाडीतून खाली उतरला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं.