सेतुरावांनी न सांगितलेली चूक

सेतुराव गेल्याचं त्यांच्या बायकोने, मामींनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ऑफिसात होते. तीन आठवडे नुसती रडत होते. मग संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही...

आमची ओळख एका प्रोग्रॅममुळे झाली. स्कॅन केलेल्या जुन्या पानांवरची अक्षरं ओळखणारा, कुणीही फुकट वापरावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा तो प्रोग्रॅम सेतुरावांनी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लिहायला घेतला होता. मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आलेली, घरच्या माणसांना भुकेलेली. तंजावरी मराठीत कुणीतरी “ये मा, बैस” म्हणालं, तेवढ्यावर मी त्यांच्या वेस्ट मांबलमच्या घरची झाले. दर शनिवारी सकाळी मामींच्या हातची कॉफी प्यायची आणि आठवडाभर लिहिलेलं सेतुरावांना दाखवायचं. चष्मा कपाळावर चढवून ते सगळं वाचत आणि म्हणत, “सरी मा. बरवं केलंस.” सहा वर्षांत त्यांनी माझी एक चूक काढली नाही. मी चांगलीच हुरळले. ऑफिसात नव्या लोकांना शहाणपण शिकवू लागले.

ते गेल्यावरची पहिली आवृत्ती मी एकटीने काढली आणि तक्रारी सुरू झाल्या. एका वाचनालयातला संगणक दुपारपर्यंत अडकून पडायचा. प्रोग्रॅम कामासाठी मेमरी मागून घेत होता आणि परत करत नव्हता. पान नीट वाचून झालं तर करायचा. पान खराब निघून काम अर्ध्यावर सुटलं की विसरायचा. कार्य मोडलं म्हणून शेजाऱ्यांची भांडी आपल्याच घरात ठेवून द्यावीत, तसं. तो भाग माझा होता. मी प्रोग्रॅमचा जुना इतिहास उघडून पाहिला. माझ्या प्रत्येक बदलानंतर दोन दिवसांनी सेतुरावांचा एक बदल होता: ‘किरकोळ साफसफाई’. सहा वर्षं माझी तीच चूक आणि त्यांची तीच साफसफाई.

मी तडक मामींकडे गेले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

“तुझं लिहिलेलं ते पुन्हा बसून नीट करीत मा,” त्या म्हणाल्या. “तिला सांगूं नको म्हणत. पावम्, बिचारी, घर सोडून आलेली पोर, खट्टू होईल म्हणत.”

“मामी, त्यांनी मला फसवलं.”

मामी कॉफी टाकायला आत गेल्या.

त्यांची माया खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्यांनी मला शिकवायचं सोडून सांभाळलं, आणि मी ते कौतुक समजून मिरवत राहिले. आता वाचनालयवाले माझ्या नावाने पत्रं लिहितात. आणखी कुठे कुठे मेमरी गळतेय ते मला शोधता येत नाही, आणि ज्यांना विचारावं ते निघून गेले...

परवा एक गळती कशीबशी बुजवली आणि बदल पाठवला. माझे बदल तपासायला अजून त्यांचंच नाव लावलेलं आहे, म्हणून पडद्यावर नेहमीसारखं आलं: तपासणी सेतुराव, मंजुरी बाकी. ते नाव काढायला एकच ओळ पुसायची आहे. मी अजून पुसलेली नाही. त्या नावापुढे एकदा तरी ‘नामंजूर’ आलेलं मला बघायचं आहे.